पोटरीतला गोळा आणि पुरवणीतला उलटा फोटो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत रात्री पायात गोळे येण्यावर एक छोटा लेख आला होता. खरं सांगते, हेडिंग बघून आधी आनंद झाला, कारण या विषयावर कोणी लिहितच नाही. बीपी, शुगर, गुडघे यांच्यावर पानंच्या पानं भरतात आणि जे दुखणं माणसाला रात्री तीन वाजता अंथरुणातून किंचाळत उठवतं त्याच्यावर चार ओळी मिळत नाहीत. पण लेख वाचून होईपर्यंत आनंद मावळला, कारण सगळ्याचं सार एवढंच की तुमच्या अंगातलं मॅग्नेशियम कमी झालंय, पाणी कमी पिताय, गोळी घ्या. गोळ्यावर गोळी. आणि वरती फोटो, त्यात एक बाई पलंगावर पोटरी धरून बसलीय आणि तिच्या पायाची बोटं पुढच्या बाजूला टोकदार ताणलेली, बॅले नाचणारी ताणते तशी. हे पत्र मुख्यतः त्या फोटोसाठी लिहितेय.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. वय ६४, आयुष्यभर वर्गात उभं राहून शिकवलं आणि गेली अकरा-बारा वर्षं हे गोळे माझ्या मागे लागलेत. कोणी वांब म्हणतं, कोणी पेटके म्हणतं, कोणी शीर चढली म्हणतं, आमच्या घरात गोळाच. ज्याला कधी आलेला नाही त्याला समजावून सांगता येत नाही. माणूस गाढ झोपेत असतो, झोपेतच जरा आळस देतो, पाय ताणला जातो आणि पुढच्या क्षणी पोटरीत दगड तयार होतो, अक्षरशः हाताला लागतो असा दगड, आणि कळ अशी की तोंडातून शब्द फुटत नाही. बहुतेक वेळा काही सेकंदांत सुटतो, कधी मिनिटं लागतात, क्वचित दहा-दहा मिनिटं सुद्धा चालतो, आणि सुटला तरी दुसऱ्या दिवशी पोटरी अशी ठणकते जणू कोणी काठीने मारलंय. पन्नाशीनंतर हे प्रमाण वाढत जातं, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर कितीतरी तरुण मुलींना हाच त्रास होतो, त्या बिचाऱ्या पोटामुळे पायापर्यंत हात पण नेऊ शकत नाहीत.

माझी पहिली चार-पाच वर्षं चुकीचंच करण्यात गेली. गोळा आला की मी पाय लांब करायचे आणि बोटं पुढे ताणायचे, अगदी तुमच्या फोटोतल्या बाईसारखी, कारण त्या क्षणी वाटतं की ताणलं की सुटेल. आणि आमचे हे झोपेतून उठून पोटरी जोरजोरात चोळायचे. गोळा अजून घट्ट व्हायचा, मी यांच्यावर ओरडायचे, हे माझ्यावर, आणि अर्ध्या तासाने दोघंही जागे. नंतर गुडघ्याच्या निमित्ताने एका फिजिओथेरपिस्टकडे जाणं झालं, तिला सहज बोलता बोलता हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, काकू तुम्ही आगीत तेल ओतताय. तिने दोन मिनिटांत जे समजावलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

गंमत अशी आहे की पोटरीचा मोठा स्नायू खाली टाचेला जोडलेला असतो, टाचेच्या मागे जी जाड दोरी हाताला लागते ना तिच्यामार्फत, आणि वरती तो गुडघ्याच्याही वर, मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. आपण बोटं पुढे ताणली की टाच वर जाते आणि हा स्नायू आखडतो, म्हणजे आधीच आखडलेल्या स्नायूला आपण अजून आखूड करतो. झोपेत आपला पाय आपोआप असाच असतो, उताणं झोपलं की पांघरुणाच्या वजनाने चवडा खाली दाबला जातो, पालथं झोपलं की गादी दाबते, म्हणजे तासन् तास पोटरी आखडलेल्याच अवस्थेत, आणि अशात तिथल्या नसेने नको तेव्हा करंट सोडला की स्नायू आवळला जातो आणि सुटायचं नाव घेत नाही. नस नेमकी का बिथरते याचं पक्कं उत्तर अजून विज्ञानाकडेही नाहीये. पण सोडवायचं कसं हे मात्र पक्कं माहिती आहे. उलट दिशेला ओढायचं, एवढंच.

म्हणजे गोळा आला की गुडघा सरळ ठेवायचा आणि चवडा आपल्या नडगीकडे ओढायचा, बोटं नाकाच्या दिशेला. हात पोचत असेल तर चवडा हाताने धरून ओढा, नसेल पोचत (माझा नाही पोचत) तर उशाशी एक टॉवेल ठेवा, तो चवड्याखालून अडकवून दोन्ही टोकं स्वतःकडे ओढा. सावकाश ओढायचं, झटका द्यायचा नाही. पहिले पाच-दहा सेकंद जीव जातो पण मग आतून काहीतरी विरघळल्यासारखं सुटत जातं. उभं राहता येत असेल तर अजून चांगलं, पाय जमिनीवर सपाट टेकवायचा, टाच खाली दाबायची आणि वजन त्या पायावर टाकायचं, किंवा टाचांवर चार पावलं चालायचं. फक्त आमच्या वयाच्या लोकांनी कळ लागली म्हणून अंधारात टुणकन उडी मारून उभं राहू नये. पोटरी सुटेल आणि खुबा मोडेल. आधी कडेला बसायचं, लाईट लावायचा, पलंग किंवा भिंत धरायची आणि मग उभं राहायचं. चोळणं वाईट नाही, पण ते ओढल्यानंतर किंवा ओढता ओढता, हळू हाताने. सुटल्यावर गरम पाण्याची पिशवी छान वाटते, आणि सकाळी ठणकत असेल तर काही जणांना बर्फाने जास्त बरं वाटतं, ज्याला जे मानवेल ते.

तळपायात, कमानीपाशी गोळा येतो आणि बोटं एकमेकांवर चढतात तेव्हा पण तोच हिशोब, बोटं धरून वर ओढायची किंवा उभं राहून तळवा सपाट दाबायचा. मांडीच्या मागे आला तर गुडघा सरळ करायचा, मांडीच्या पुढे आला तर गुडघा वाकवून टाच कुल्ल्याकडे न्यायची. ज्या बाजूला आखडलंय त्याच्या उलट. एकदा हे डोक्यात बसलं की पाठ करायला लागत नाही.

आता येऊच नये म्हणून काय. त्या फिजिओथेरपिस्टनेच मला भिंतीचा व्यायाम दिला, झोपायच्या आधी. भिंतीसमोर हातभर अंतरावर उभं राहायचं, तळहात भिंतीला, एक पाय मागे, मागच्या पायाचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि हळूहळू भिंतीकडे झुकायचं, मागच्या पोटरीत ताण जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. तीसपर्यंत मोजायचं, तीन वेळा, मग दुसरा पाय. दात घासून झाले की करते, नाहीतर विसरते. पाच मिनिटं लागतात. पहिल्या आठवड्यात काहीच फरक पडला नाही आणि मी सोडणारच होते, तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बरेच दिवस रात्री उठलेच नाहीये.

माझ्या एकटीच्या अनुभवावर कोणी विश्वास ठेवावा असं माझं म्हणणं नाही, म्हणून मुलीला सांगून जरा शोधाशोध केली. नेदरलँड्समध्ये ५५ च्या वरच्या ८० लोकांवर प्रयोग झाला, २०१२ साली छापून आला. अर्ध्या लोकांनी सहा आठवडे रोज झोपायच्या आधी पोटरी आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग केलं, अर्ध्यांनी काही केलं नाही, आणि स्ट्रेचिंगवाल्यांचे गोळे दुसऱ्यांच्या तुलनेत रात्रीला सरासरी एकाहून थोडे जास्तच कमी झाले. पण लपवत नाही, त्याआधी २००५ मध्ये ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या, गोळ्यांवर क्विनिन नावाचं औषध (त्याबद्दल पुढे लिहिलंय) घेणाऱ्या पेशंटवर असाच प्रयोग झाला होता, त्यात स्ट्रेचिंगचा काही फायदा दिसला नव्हता. म्हणजे रामबाण वगैरे नाही. पण यात पैसा जात नाही, साईड इफेक्ट नाही, मग महिनाभर करून बघायला काय हरकत आहे?

आणि ज्या मॅग्नेशियमवर तुमचा सगळा लेख उभा आहे त्याचं बघा. इस्राएलमध्ये ९४ लोकांवर चाचणी झाली, २०१७ साली प्रसिद्ध झाली, काहींना मॅग्नेशियम आणि काहींना तशीच दिसणारी नुसती खोटी गोळी, कोणाला काय दिलंय ते कोणालाच माहिती नाही. मॅग्नेशियमवाल्यांचे आठवड्याला आठाच्या आसपास असलेले गोळे साडेचारवर आले. वा. आणि खोट्या गोळीवाल्यांचे? साडेआठावरून साडेपाचवर. म्हणजे दोघांचेही आठवड्याला तीनेक कमी झाले! मला हे वाचून हसायलाच आलं, कारण आमच्या शेजारच्या वहिनी गेली दोन वर्षं शपथेवर सांगतायत की मॅग्नेशियमने माझे गोळे गेले, आणि त्या खोटं बोलत नाहीयेत, गेलेच असतील, हे दुखणंच असं आहे की कधी महिनाभर रोज येतं आणि मग आपोआप गायब होतं, आणि त्या वेळी आपण जे काही घेत असतो त्याला क्रेडिट मिळतं. चादरीखाली साबणाची वडी ठेवा म्हणणारे व्हॉट्सॲप मेसेज त्याच जिवावर फिरतात. मॅग्नेशियमवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासून कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास तपासून आढावे काढणारी संस्था) २०२० मध्ये जो आढावा दिला त्याचाही सूर हाच आहे, वयस्कर लोकांना त्याने जाणवण्याइतका फायदा होईल असं वाटत नाही, आणि गरोदर बायकांच्या बाबतीत निकाल उलटसुलट आहेत. पोट मात्र बिघडतं बऱ्याच जणांचं, आणि ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी तर ही गोळी विचारल्याशिवाय घेऊच नये. रक्ततपासणीत खरंच कमी निघालं असेल तर घ्या ना, तिथे कोण नाही म्हणतंय.

एक नवीन आशा आहे ती व्हिटॅमिन के-२ ची. २०२४ मध्ये चीनमधला अभ्यास आला, ६५ आणि त्यापुढचे १९९ लोक, आठ आठवडे, के-२ वाल्यांचे गोळे आठवड्याला अडीचवरून एकाच्या खाली आले आणि दुसऱ्या गटाचे साडेतीनच्या आसपास राहिले. चांगला दिसतो निकाल. पण एकाच अभ्यासावर मी तरी उड्या मारणार नाही, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने के व्हिटॅमिनला हातही लावू नये, त्याने त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

क्विनिनबद्दल मात्र ठणकावून लिहा एकदा. मलेरियाचं जुनं औषध, पूर्वी गोळ्यांसाठी सर्रास द्यायचे, आणि त्याने गोळे थोडेफार कमी होतात हे खरंय. पण कधी कधी रक्तातल्या प्लेटलेट्स धाडकन उतरतात, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, पायाच्या गोळ्यांसाठी हे वापरू नका म्हणून एकदा सोडून अनेकदा बजावलंय, २०१० मध्ये परत बजावलं. कोणाच्या घरी जुनी पट्टी पडली असेल तर ती "घेऊन बघ एक" म्हणून दुसऱ्याला देऊ नका.

तुमच्या लेखात जी गोष्ट अजिबातच नव्हती ती म्हणजे औषधांमुळे येणारे गोळे, आणि माझ्या बाबतीत नेमकी हीच भानगड निघाली. तीन वर्षांपूर्वी माझी बीपीची गोळी बदलली, नवीनमध्ये लघवी जास्त होण्याचं औषध होतं, आणि महिन्याभरात भिंतीचा व्यायाम चालू असूनही गोळे परत, आठवड्यातून चार-चार रात्री. दोनदा दवाखान्यात सांगितलं तर "वय झालं आता" असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा मी कागदावर तारखा लिहून नेल्या, गोळी कधी बदलली आणि गोळे कधी सुरू झाले, तेव्हा कुठे रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं, औषध बदललं आणि फरक पडला. माझं पोटॅशियम कमी होतं म्हणून सगळ्यांचंच असेल असं नाही, बहुतेकांचे रिपोर्ट नॉर्मलच येतात. पण पाण्याच्या गोळ्या (लघवी जास्त करवणाऱ्या) आणि दम्याच्या काही इनहेलरमधलं बराच वेळ टिकणारं औषध, यांचा रात्रीच्या गोळ्यांशी संबंध कॅनडातल्या मोठ्या पाहणीत दिसलाय. म्हणून हा प्रश्न डॉक्टरला विचारायचा, पण मनाने औषध बंद करायचं नाही. बीपीची गोळी सोडून पोटरी सुधारायची हा काही शहाणपणा नाही.

पाणी प्या हे ठीक आहे, कोणीही कोणालाही सांगावं असा सल्ला आहे. पण रात्री येणारे गोळे पाणी कमी प्यायल्यानेच येतात याला फारसा आधार नाही. मी एक उन्हाळाभर झोपायच्या आधी तांब्याभर पाणी पिऊन बघितलं, गोळ्यासाठी एकदा उठायचे ती बाथरूमसाठी तीनदा उठायला लागले. कॅनडातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की उन्हाळ्यात हा त्रास हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट होतो, आणि मी इतकी वर्षं थंडीलाच दोष देत होते, मोजे घालून झोपत होते! थंडीत येतच नाहीत असं नाही, पण मोज्यांचा उपयोग शून्य. पांघरुणाचा मात्र आहे. ते पायथ्याशी गादीखाली घट्ट खोचायचं नाही, सैल ठेवायचं, किंवा पायथ्याला एक उशी उभी ठेवायची म्हणजे पांघरुणाचं वजन चवड्यावर येत नाही. पालथं झोपणाऱ्यांनी पावलं गादीच्या बाहेर लोंबकळती ठेवावीत. आणि अर्धवट झोपेत आळस देताना टाच पुढे ढकलायची, बोटं नाही, ही सवय लावून घ्यायला मला वर्ष लागलं पण लागली.

अजून एक, रात्री पाय दुखला म्हणजे गोळाच असं नसतं आणि यावर तुम्ही डॉक्टरकडून नीट लिहून घ्या, माझ्यासारखीचं काम नाही ते. तरी मला जेवढं सांगितलं गेलं तेवढं लिहिते. पाय नुसते वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, पण दगड होत नाही, तर तो रेस्टलेस लेग्जचा प्रकार, त्याचे उपचार वेगळे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की दुखायचं थांबतं, तर रक्तवाहिन्या तपासायच्या. तळपायाची आग, मुंग्या, बधिरपणा, तर शुगर आणि नसा. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, लाल झालीय, दुखणं सुटतच नाहीये, तर ती चोळत बसायची नाही आणि सकाळची वाट पण बघायची नाही, रक्ताची गुठळी असू शकते, लगेच दवाखाना गाठायचा. रोज रात्री गोळे, दिवसा पण गोळे, हातालाही गोळे, पायातली ताकद कमी, पोटरी बारीक होत चाललीय, असं काही असलं तरी दाखवायलाच हवं. किडनी, लिव्हर, थायरॉइड, यातलं काहीही मागे असू शकतं. बाकी आमच्यासारख्या बहुतेकांच्या मागे तसलं काही नसतं, नुसताच त्रास असतो.

तर माझी मागणी छोटी आहे. हे पत्र सगळं छापायला जागा नसेल तर नका छापू, पण तो फोटो परत छापा, बरोबर करून. भिंतीशी उभी असलेली व्यक्ती, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली स्पष्ट दिसू दे, आणि शेजारी दुसरा फोटो टॉवेलने चवडा स्वतःकडे ओढणाऱ्याचा. मोठा छापा, कारण आम्ही लोक तो कापून पलंगाशेजारी चिकटवणार, आणि रात्री तीन वाजता चष्मा सापडत नाही.

आपली,
एक जुनी वाचक